खुब्याचा सांधा बदलला, एक्सरे चांगला, तरी जांघेत कळ. कुणाला अनुभव?

औसेकर
नमस्कार मंडळी. आईचा (वय ६८) उजव्या खुब्याचा सांधा मागच्या दिवाळीनंतर बदलला. जुना संधिवात, त्याच्यासाठी स्टेरॉईडच्या बारीक गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या, त्यातूनच खुबा गेला म्हणले डॉक्टर. ऑपरेशन झकास झालं, वॉकर सुटला, मग काठी सुटली, अन उन्हाळ्यात तर घरापासून मळ्यापर्यंत चालत जाऊन यायला लागली, गल्लीतले म्हणायचे अक्का पळायल्यात आता. अन मग जांघेत दुखायला लागलं. आधी संध्याकाळपुरतं, आता पाय टेकवला की कळ. पडून राहिली की थांबतं. मागं कंबरेच्या खालीही एका बाजूला दुखतंय म्हणती. कुठं पडली नाही, घसरली नाही.
ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, सांधा एकदम मस्त बसलाय म्हणले, रक्तात सीआरपी, ईएसआर (आत सूज, जंतू आहेत का ते सांगणाऱ्या तपासण्या) बघितलं, संधिवात असून वाढलेलं नाही. दुसऱ्या एकानं सांगितलं की नव्या सांध्याची आतली वाटी हलली असेल, परत उघडावं लागंल. आई तर ऑपरेशनचं नाव काढलं की जेवत नाही. सांधा चांगला असंल तर दुखतंय काय?

हुरडाप्रेमी
मणका बघा आधी. आमच्या सासऱ्यांचं अगदी असंच होतं, खुबा खुबा म्हणून सहा ठिकाणी दाखवलं आणि निघाली कंबरेतली दबलेली नस. वय ६८ म्हणजे मणक्यात काहीतरी सापडणारच.

गोदाकाठ
सापडणारच हे खरं, पण त्यामुळंच घोळ होतो ना. साठीच्या पुढच्या कुणाचाही मणक्याचा फोटो काढा, गादी सरकलेली दिसती, दुखणं त्याचंच असंल असं नाही. नस दबली की कळ मांडीतून खाली पायात उतरती, मुंग्या येतात. औसेकर, तसं आहे का?
माझ्या काकांचा मात्र सांधाच ढिला झालेला. पण तो ऑपरेशननंतर पुष्कळ वर्षांनी. अन त्यांचं दुखणं उठताना पहिल्या चार पावलांना जास्त, नंतर जरा सुटायचं.

औसेकर
मुंग्या नाहीत, खाली उतरत नाही. अन पहिल्या पावलाचं म्हणाल तर उलटं आहे, जितकं चालंल तितकं वाढतंय.

तूरडाळ
आमच्याकडं एक हाडवैद्य आहेत, तेल लावून रगडतात, भलेभले चालत गेलेत. एकदा दाखवायला काय जातंय.

एक्सरेवाला_नांदेड
तूरडाळ भाऊ, हात जोडतो, बदललेल्या सांध्याला कुणी रगडायला अन ओढायला लागलं तर बॉल वाटीतून बाहेर यायचा. नका पाठवू कुणाला.

औसेकर, मी डॉक्टर नाही, एक्सरे-सीटी विभागात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळं सांगतो ते डॉक्टरांना विचारून मगच खरं माना. तुम्ही सांगितलं त्यात तीन गोष्टी कानाला खटकल्या. स्टेरॉईड, अचानक वाढलेलं चालणं, अन पाय टेकवला की दुखणं. सांधा बदललेल्या पेशंटचा फोटो आला की सगळ्यांची नजर धातूवर. वाटी कशी बसली, मांडीच्या हाडातला दांडा कसा बसला, सिमेंट हललं का. शेजारच्या हाडाकडं कुणी बघत नाही. जांघेच्या आत ओटीपोटाच्या पुढच्या बाजूला जी हाडाची पट्टी असती (आम्ही प्यूबिक रेमस म्हणतो) तिथं बारीक चीर असंल तर सुरवातीला साध्या एक्सरेत दिसतच नाही. काही आठवड्यांनी हाड जुळायला लागलं की तिथं पांढुरका ढेपा दिसतो, मग सगळे म्हणतात अरे हे होतं होय. त्यात गंमत अशी की खुब्याचा फोटो म्हणून नुसता उजव्या बाजूचा काढला असंल तर मधलं हाड अर्धं कापलेलंच असतं. पूर्ण ओटीपोटाचा फोटो आहे का तुमच्याकडं?

औसेकर
आत्ताच काढून बघितला. उजव्या बाजूचाच आहे, मधलं काहीच नाही. एमआरआय सांगावा का? पण आत धातू असताना एमआरआय कसा करणार, मशीन ओढून घेत नाही का?

एक्सरेवाला_नांदेड
नाही हो. हल्लीचे सांधे टायटॅनियम नाहीतर कोबाल्ट-क्रोमचे, साधारण चालतं, फक्त सांध्याचं कार्ड आधी दाखवायचं अन आत धातू आहे हे सांगायचं. धातूच्या भोवती फोटो काळा-पांढरा फाटतो ते खरं. ते कमी करायची वेगळी सेटिंग असती, सगळ्या सेंटरवर नसती, फोन करून विचारा. पण कंबरेखालचं मागचं हाड धातूपासून लांब असतं, ते स्वच्छ दिसतं. एमआरआय जमत नसंल तर सीटीतही चीर दिसती.

अस्थिपंजर
एक्सरेवाल्यांनी माझं निम्मं काम केलं. मी हाडाचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी. पेशंट बघितल्याशिवाय निदान करत नाही, पण शंका रास्त आहे म्हणून लिहितो.

ओटीपोटाचं हाड बांगडीसारखं गोल असतं. पुढं एका जागी चिरलं की ताण मागं जातो, म्हणून पुढची चीर सापडली की मागच्या हाडातही (सेक्रम, कंबरेच्या खालचं त्रिकोणी हाड) शोधायचीच. औसेकरांच्या आईला पुढं जांघेत आणि मागं एका बाजूला, दोन्हीकडं दुखतंय, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता सांधा बदलल्यावरच असं का. खुबा खराब असताना माणूस वर्ष-दोन वर्ष धड चालत नाही, त्या काळात हाड वापराविना पातळ होतं. त्यात संधिवात, स्टेरॉईड, पाळी गेलेली. मग नवा सांधा बसतो, दुखणं जातं, आणि पेशंट एकदम मोकळा सुटतो. सांधा नवीन, शेजारचं हाड मात्र तेच जुनं. वजन वाढवायला पाय तयार असतो, हाड तयार नसतं. रोजच्या चालण्याच्या ताणानंच बारीक चीर पडते. पडायला, घसरायला लागत नाही, म्हणून कुणाला फ्रॅक्चर सुचतही नाही. क्वचित वाटी ठोकून बसवताना तिच्या खोबणीलाच बारीक तडा गेलेला असतो आणि तो तेव्हा दिसत नाही, पण त्याचं दुखणं बहुधा पहिल्यापासून असतं, मधे असे चांगले महिने मिळत नाहीत.

तपासणारा बोटानं जांघेच्या आतल्या हाडावर दाबून बघेल. तिथं नेमकी कळ निघाली आणि त्या एका पायावर उभं राहता येईना तर माझा संशय पक्का होतो. सांध्याचा दोष असेल तर पाय आत-बाहेर फिरवताना दुखतं. सांध्यापुढून जाणारा स्नायू वाटीच्या कडेला घासत असेल तर जिना चढताना, गाडीत बसताना पाय उचलला की दुखतं. हर्नियाही जांघेतच दुखतो, तोही बघून घ्यावा.

आणि परत उघडायचं म्हणता? कशासाठी ते कळल्याशिवाय नाही. दुसऱ्या वेळचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं असतं आणि कारण वेगळंच असेल तर दुखणं तसंच राहतं.

हुरडाप्रेमी
डॉक्टरसाहेब राग मानू नका, पण आधी ऑपरेशनचा खर्च, आता एमआरआय, मग अजून कसली तपासणी. हाड चिरलेलं असंल तर ते तसंही आराम केल्यानं जुळणार ना? मग फोटो काढून वेगळं काय करणार? सरळ दोन महिने बसवून ठेवा म्हातारीला.

अस्थिपंजर
रास्त प्रश्न आहे, रागाचं काय. एक तर चीर नक्की झाली की परत ऑपरेशन करायचा विषय संपतो, तो खर्च एमआरआयच्या कितीतरी पट. दुसरं, ही चीर म्हणजे हाड ठिसूळ असल्याचा पुरावा. आज इथं तुटलं, उद्या मणका दबेल किंवा दुसरा खुबा मोडेल. दोन महिने बसवून ठेवून ते सुटत नाही, उलट बसून हाड आणखी पातळ होतं.

सोनपेठची_लेक
हे वाचून लिहायला बसले. माझ्या आईनं वीस-बावीस हंगाम ऊस तोडलाय. पस्तिशीच्या आत गर्भपिशवी काढली, आमच्या तांड्यावर निम्म्या बायांची तीच गत. पाळीच्या त्रासानं खाडा पडतो, खाड्याचा दंड मुकादम उचलीतून कापतो, मग काढूनच टाका. बीड जिल्ह्यावरून २०१९ साली गाजलं तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, पाहणी ८२ हजारांवर बायांची झाली अन त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. पिशवीसंगट अंडाशयही काढलं का ते आईला कुणी सांगितलं नाही, कागद नाही, काही नाही. पण पाळी गेल्यासारखं अंगातून वाफा निघायच्या तिला, तिशीतच.
आता साठी आली नाही तर कंबर वाकली. खुब्याचं ऑपरेशन झालंय अन तिलाही जांघेत दुखायलंय. आम्ही म्हणत होतो ऑपरेशन बिघडलं. डॉक्टर, हा प्रकार असू शकतो का?

अस्थिपंजर
ताई, असू शकतो. दोन्ही अंडाशयं काढली की पाळी त्या दिवशी संपते आणि हाडाचा ऱ्हास त्या दिवशी सुरू होतो. पस्तिशीच्या आत तसं झालं असेल तर तुमच्या आईचं हाड दहा-पंधरा वर्षं आधी म्हातारं झालं. अंडाशयं ठेवली असली तरी कधीकधी ती लवकर थकतात. अंडाशयं आहेत का याचा सोनोग्राफीत कधीकधी अंदाज येतो. आईंची डेक्सा (हाडाच्या घनतेची तपासणी, दुखत नाही, सुई नाही) करून घ्या. रिपोर्टात टी-स्कोअर असतो, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. पण आकडा त्याच्या वर असला तरी किरकोळ कारणानं हाड मोडलं असेल तर उपचार लागतोच.

बालाघाट
सोनपेठची_लेक +१. आमच्या मावशीचीही पिशवी काढलेली, तिच्या मनगटाचं हाड भाकरी थापताना मोडलं. भाकरी थापताना!

रिटायर्ड_मास्तर
आमच्या इकडे ४३ डिग्री ऊन, आणि रक्तात ड जीवनसत्त्व अवघं ११. डॉक्टरला म्हटलं, लॅबवाल्यानं नॉर्वेच्या माणसाचं रक्त तपासलं काय? तर म्हणे मास्तर, शेतात जाता कधी? म्हटलं पहाटे. येता कधी? ऊन चढायच्या आत. अंगावर काय? टोपी, उपरणं, पूर्ण बाह्यांचा सदरा. मग ऊन लागतंय कुठं, म्हणाले. बायकांचं तर डोक्यावरून पदर, हातात बांगड्या कोपरापर्यंत.
अवांतर: किनवट भागात विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त, दात पिवळे पडलेली पोरं मी शिकवलीत. त्याचा हाडांशी संबंध आहे ना?

अस्थिपंजर
मास्तर, आहे, आणि अवांतरही नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त फ्लोराईड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाड एक्सरेत दाट पांढरं दिसतं पण आतून ठिसूळ असतं. पूर्वी ऑस्टिओपोरोसिसवर औषध म्हणून फ्लोराईड देऊन बघितलं होतं, तेव्हा पेशंटच्या पायात अशाच ताणाच्या चिरा पडायला लागल्या. अशा भागातल्या माणसाची डेक्सा चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नये.
ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर हाड मऊ पडतं, आणि त्या आजारातही नेमक्या जांघेतल्या या पट्ट्यांनाच चिरा पडतात. तो प्रकार औषधानं छान भरून येतो. म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, किडनीचं क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉईडचं हार्मोन एवढं रक्तातून बघायचं.

हुरडाप्रेमी
ते ड जीवनसत्त्वाचं ६० हजार युनिटवालं पाकीट मेडिकलवर असंच मिळतं, आमच्या घरी सगळे घेतात.

अस्थिपंजर
आठवड्याला एक, ठरावीक आठवडे. एका पेशंटनं ताकद येते म्हणून रोज एक घेतलं, उलट्या करत आला, रक्तातलं कॅल्शियम चढलेलं आणि किडनीवर ताण. पाकीट स्वस्त आहे म्हणून निरुपद्रवी नाही.

उमरगेकर
मी आजवर गुपचूप वाचत होतो. आमच्या वहिनींनी सांधा बदलल्यावर नवस फेडायला कोजागिरीला तुळजापूर पायी गाठलं. भवानीआईनं पाय दिले म्हणाल्या. नंतर महिनाभर उठवेना. सगळे म्हणले नवसात खोट राहिली असंल, पुन्हा जा 😀 शेवटी सीटीत मागच्या हाडाला चीर निघाली. डॉक्टर म्हणले देवीनं पाय दिले, तुम्ही मीटर फिरवला.

औसेकर
अपडेट. लातूरला एमआरआय झाला. रिपोर्टात उजव्या प्यूबिक रेमसला चीर अन सेक्रमच्या उजव्या बाजूला सूज, चिरेची रेघ दिसतीय असं लिहिलंय. एक्सरेवाले, तुमचे पाय धरावेत असं वाटायलंय.
पण खाली एक ओळ आहे, ‘मेटास्टेसिसची शक्यता नाकारता येत नाही, क्लिनिकल सहसंबंध पाहावा’. भावानं गूगल केलं, मेटास्टेसिस म्हणजे कॅन्सर पसरलेला, अन घरात रडारड सुरूय. आईला सांगितलेलं नाही.

अस्थिपंजर
आधी श्वास घ्या. ही ओळ मी पुष्कळ रिपोर्टांवर वाचलीय. सेक्रममधली ताणाची चीर एमआरआयमध्ये कधीकधी कॅन्सर पसरल्यासारखी दिसते, म्हणून रेडिओलॉजिस्ट सावधगिरीनं लिहितो. चिरेची रेघ स्पष्ट आहे, गाठ दिसत नाही, पुढचं हाडही चिरलंय, स्टेरॉईडचा इतिहास आहे, सगळं चिरेकडंच बोट दाखवतं. तरी त्या डॉक्टरांशी समोरासमोर बोला, मणक्याचा एमआरआय असेल तर त्याच्याशी जोडून बघतील, रक्तातली प्रोटीनची एक तपासणी सांगतील. सीटीत रेघ अजून नीट दिसते. घाईनं सुई घालून तुकडा काढायला तयार होऊ नका.

बालाघाट
आमच्या आत्याला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) दिलेला. काही वर्षांनी असंच कंबरेखाली दुखायला लागलं, सगळे समजले कॅन्सर परत आला. निघाली चीर. शेकानं तिथलं हाड कमजोर होतं म्हणे.

फिजिओ_जालना
आता चीर नक्की झालीय तर माझं ऐका. पलंगावर झोपवून ठेवू नका, त्यानं ताकद जाती, पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती वेगळी. वॉकर परत काढा, वजन हातावर घेऊन घरातल्या घरात. कळ वाढली की थांबायचं, जोर लावून ‘चालून दुखणं मोडायचं’ नाही. बऱ्याच जणांचं सहा ते बारा आठवड्यांत उतरतं, मागचं हाड असलं की अजून रेंगाळतं.
वॉकर सुटल्यावर काठी कुठल्या हातात धरायची यावर दर वेळी भांडण होतं. दुखरा उजवा असेल तर काठी डाव्या हातात. सिनेमात उलटं दाखवतात, त्याच्यावर जाऊ नका.
खाली मांडी घालून बसणं, पाटावर जेवणं नाही हे ऑपरेशनवाल्यांनी सांगितलंच असेल. संडासला खुर्ची आहे ना?

औसेकर
खुर्ची आहे, पण पाहुणे आले की आई लाजून ती बाजूला सरकवून ठेवती 😐 आता खिळे ठोकतो.
गाठीचं नाही, चीरच आहे म्हणले रेडिओलॉजिस्ट सीटी बघून. ड जीवनसत्त्व १४ निघालं. आता रोज पोटात टोचायचं एक इंजेक्शन सांगितलंय, टेरीपॅराटाईड, २० मायक्रोग्रॅम, नाहीतर वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रोनिक ॲसिड. टोचायचं फ्रीजमध्ये ठेवायला लागतं. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही.

अस्थिपंजर
टोचायच्या इंजेक्शनचं पेन २ ते ८ डिग्रीत राहिलं पाहिजे. लाईट गेली की फ्रीज उघडू नका, बर्फाच्या पिशव्या आधीपासूनच आत ठेवा, पण पेन बर्फाला चिकटवू नका, गोठलं की वाया. ते जास्तीत जास्त दोन वर्षं आणि नंतर दुसरं औषध घ्यावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड परत जातं. सलाईन स्वस्त पडतं, पण त्याआधी ड जीवनसत्त्व भरून घ्यायचं, किडनी बघायची, दात काढायचे असतील तर आधी काढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी अंग दुखून ताप येऊ शकतो, घाबरायचं नाही. कुठलं घ्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि संधिवातवाल्यांना विचारा, स्टेरॉईड कमी करता येतं का. स्वतःहून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

गोदाकाठ
सगळं ठीक, पण एक बोलू द्या. आता हा धागा वाचून ज्याचा-त्याचा सांधा दुखला की चीर, चीर करत बसतील. आमच्या काकांना हाच सल्ला दिला असता तर ढिला सांधा घेऊन वर्षभर वॉकरवर फिरले असते. औसेकरांनी विचारलेलं की सांधा चांगला असंल तर दुखतंय काय. आधी सांधा खरंच चांगला आहे हे ठरायला पाहिजे ना.

एक्सरेवाला_नांदेड
मान्य. म्हणून जुने फोटो टाकून देऊ नका लोकहो. ऑपरेशननंतरचा पहिला, मधला अन आजचा शेजारी लावले की वाटी सरकली का नाही ते दिसतं. एकट्या फोटोवरून कुणी छातीठोक सांगत नाही. फोटो मोबाईलवर काढून ठेवा, दिवाळीच्या साफसफाईत बायका रद्दीत घालतात.

सोनपेठची_लेक
बायकाच का, आमच्याकडं वडिलांनी आईचे एक्सरे खिडकीच्या फुटक्या काचेला लावलेत. काढून आणते. डेक्साचं परवा ठरलंय.

नवीन_सभासद_परळी
उशिरा आलो. वडलांचा खुबा चार महिन्यांपूर्वी बदलला. त्यांचं दुखणं रात्री झोपेतही असतं, अंगात कणकण, अन टाक्याच्या कडेला एक पुळी येऊन पाणी झिरपायलंय. हीच चीर असंल का? गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलंय, आजपासून चालू करणार होतो.

अस्थिपंजर
नाही, ही चीर नाही. आराम करतानाही दुखणं, ताप आणि झिरपणारी जखम म्हणजे सांध्यात पू झालाय असंच धरून चालायचं. गोळी अजून दिली नसेल तर थांबा आणि उद्या सकाळीच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडं न्या. अंग थंड पडलं, हुडहुडी भरली, बोलणं असंबद्ध वाटलं तर रात्रीच निघा. सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवतील. आधी अँटिबायोटिक पोटात गेलं तर त्या पाण्यात जंतू बऱ्याचदा सापडत नाही आणि पुढं महिनोन्महिने अंदाजानं औषधं द्यावी लागतात. जाताना डिस्चार्ज कार्ड घ्या, त्यावर सांध्याच्या कंपनीचे आणि नंबरचे छोटे स्टिकर चिकटवलेले असतात, ते लागतात.

नवीन_सभासद_परळी
गोळी दिली नाही अजून. कार्ड सापडलं, स्टिकर आहेत. मेहुण्याला गाडी घेऊन पहाटे बोलावलंय.